अकरा नंबरचे वर्तुळ

शेवटच्या फांदीवर गुडघा टेकून तिने कमरेचा दोर खोडाभोवती पुन्हा एकदा फिरवला, आकडा अडकवला, ओढून पाहिला आणि मगच मान वर केली. घरटे आता हातभर अंतरावर होते. खालून पाहणाऱ्याला तो काटक्यांचा ढीग वाटतो. इथे, त्याच्या पोटाखाली आल्यावर कळते की हे दोन माणसे आडवी झोपतील एवढे घर आहे आणि ते बांधायला गरुडांच्या तीन-चार पिढ्या खपल्या आहेत. वारा जेमतेम होता. तरी देवदाराचा शेंडा तिला घेऊन एका बाजूला झुकला, थांबला आणि सावकाश जागेवर आला.

"मॅडम, पोचलात का?" छातीवरच्या वॉकीटॉकीतून अधिकाऱ्याचा आवाज आला.

"पोचतेच आहे."

सत्तर फूट खाली तीन माणसे होती. एक वनखात्याचा नवा अधिकारी, वय कोवळे आणि बूट त्याहून कोवळे, हातात फाइल घेऊन उभा. त्याच्या शेजारी लाकूडतोडीच्या ठेकेदाराचा माणूस. कापायच्या झाडांवर तांबड्या फुल्या मारायचे त्याचे काम, आणि आज तो रंगाच्या डब्याचे झाकण आधीच सैल करून आला होता. त्या दोघांपासून जरा लांब, एका दगडावर, तिचे वडील बसले होते. सगळी डोंगररांग त्यांना आबा म्हणते, तीही म्हणते.

नियम सरळ होता. ज्या झाडावर गरुडाचे नांदते घरटे असेल, त्याच्या चहूबाजूंनी अर्धा किलोमीटर कुऱ्हाड चालवायची नाही. चौकीतल्या नकाशावर अशी अठरा वर्तुळे होती, त्यांतले हे अकरावे. सलग दोन वसंत घरटे ओस आढळले की वर्तुळ पुसायचे आणि उतार ठेकेदाराला मोकळा करायचा. गेल्या वसंतात हे घरटे ओस होते. तसे तिनेच लिहिले होते, कारण तसे होते. आता हा दुसरा वसंत चालला होता आणि मुदत उद्या संपत होती. पाहणीची नोकरी धरून तिला चौदा वर्षे झाली. त्याआधी सत्तावीस वर्षे हीच नोकरी आबांनी केली होती, आणि खरे सांगायचे तर निवृत्त झाल्यावरही ती सोडली नव्हती. खात्याने त्यांना मानद राखणदार असे एक पद देऊन टाकले होते. त्यात मान होता, बाकी काही नव्हते.

या उतारावरची गरुडीण दोन हिवाळ्यांपूर्वी मेली. मेंढपाळांनी लांडग्यासाठी विष घालून ठेवलेले बकरे तिने खाल्ले. आबांना ती ओढ्याच्या काठाला सापडली, पंख पसरून, तोंड पाण्यात. आपला कोट काढून त्यांनी तिला त्यात गुंडाळले आणि दीड तास चालत चौकीवर आणले. नर काही दिवस एकटा घिरट्या घालत राहिला, मग तोही दिसेनासा झाला. त्यानंतर आबा जेवताना बोलेनासे झाले. आई म्हणायची, बायको गेल्यावरही हे एवढे सुतक पाळणार नाहीत. ती हसत म्हणायची, पण तिलाही ते लागलेले असायचे.

यंदाच्या वसंतात समोरच्या डोंगरधारेवर दुर्बीण लावून बसायचे काम तिने आबांना दिले होते. तीन आठवडे ते बसले. त्यांतले निम्मे दिवस धुक्यात गेले. रोजच्या वहीत एकच ओळ यायची, पक्षी दिसला नाही. मग नऊ दिवसांपूर्वी एक वेगळी ओळ आली, घरट्यावर हिरवे दिसले.

हिरवे दिसणे ही साधी गोष्ट नव्हती. अंडी घालायच्या आधी गरुडीण ताज्या डहाळ्या मोडून आणते आणि घरट्यात अंथरते. बाई घर लावते आहे, असे आबा म्हणायचे. पक्षी दिसो न दिसो, घरट्यात ताज्या डहाळ्या असल्या तर ते नांदते धरायचे असे नियमातच होते. ती ओळ वाचून तिला इतका आनंद झाला की वही मिटून तिने ती क्षणभर छातीशी धरली. तेव्हा शंका यायला हवी होती.

नव्या अधिकाऱ्याला मात्र दुर्बीण पुरत नव्हती. "आबांचा शब्द मोठा आहे," तो म्हणाला होता, "पण उद्या ठेकेदार कोर्टात गेला तर मी शब्द दाखवू का? वर जाऊन बघा. तीन आठवडे पक्षीच दिसलेला नाही, म्हणजे चढायला हरकत नाही." बोलणे चुकीचे नव्हते. अंड्यावर बसल्या पक्ष्याच्या झाडाकडे या दिवसांत कोणी फिरकायचेही नाही, असा दंडक होता, आणि तो आबांनीच घातलेला होता.

तिने उजवा हात काठावरून आत घातला. बोटांना गार, ओलसर, लवचिक काहीतरी लागले. डहाळ्या. तिचा जीव भांड्यात पडला. दोर सैल करून ती आणखी वर सरकली, छातीपर्यंत घरट्याच्या काठावर आली आणि तिला ते सगळे दिसले. मधल्या खोलगट भागात देवदाराच्याच सात-आठ डहाळ्या, अजून हिरव्या, नीट एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवलेल्या.

"साहेब, हिरवं आहे," असे म्हणायला तिने बटणावर बोट ठेवले. दुसऱ्या हाताने एक डहाळी उचलली होती, खाली दाखवायला. तिचे टोक तिने पाहिले आणि बटण दाबले नाही.

टोक तिरके आणि गुळगुळीत होते. तिने दुसरी उचलली, मग तिसरी. सगळ्यांची टोके तशीच. गरुडाने चोचीने मोडलेल्या डहाळीचे टोक पिंजलेले असते, सालीची एखादी चिंधी तिला लोंबत असते. हे तिला सातव्या वर्षी शिकवले गेले होते आणि शिकवणारा आत्ता खाली दगडावर बसला होता. हा चाकूचा काप होता. आणि सगळे काप उलट्या बाजूने उतरलेले. डोंगररांगेत चाकू प्रत्येकाच्या खिशात असतो, पण डावखुरा माणूस तिला एकच माहीत होता.

चढताना बुंध्यावर जागोजागी सोललेली साल तिला दिसली होती. अस्वल असेल, असे मनाशी म्हणून ती वर आली होती. आता तिला कळले की ते अस्वल एकाहत्तर वर्षांचे होते, चौकीच्या तीन पायऱ्या चढताना कठड्याला धरायचे, आणि जुना चामडी पट्टा खोडाभोवती टाकून, कोणाला न सांगता, सत्तर फूट वर आले होते. तिला आधी हसू आले. मग असा राग आला की डोळ्यांत पाणी उभे राहिले. आबा पडले असते तर ओढ्यापर्यंत गडगडत गेले असते आणि दोन दिवस सापडले नसते.

राग ओसरल्यावर भीती उरली. जे दिसले ते लिहायचे, जे वाटले ते लिहायचे नाही. या एका वाक्यावर अठरा वर्तुळे उभी होती. ठेकेदारांनी पैसे देऊ केले, धमक्या दिल्या, वकील आणले, पण आबांच्या वहीवर बोट ठेवायची कोणाची छाती झाली नव्हती. त्या माणसाने आयुष्यात एकदा खोटे केले आणि तेही असे, की दहा वर्षांच्या पोरालाही टोक पाहून कळावे. खरे सांगावे तर हा उतार जातो. या रांगेतला कुऱ्हाड न लागलेला हा शेवटचा उतार, महिनाभरात इथे यंत्रे लागतील. खोटे सांगावे आणि पकडले जावे तर अठराच्या अठरा जातात, कारण मग कोणत्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? खाली ठेकेदाराचा माणूस शीळ घालत होता.

"मॅडम? काय दिसतंय?"

"बघते आहे. थांबा जरा."

तिने पाठीवरची पिशवी पुढे घेतली आणि कापलेल्या डहाळ्या एकेक करून तिच्यात भरू लागली. पुरावा लपवते आहे की गोळा करते आहे, हे तिचे तिलाही ठरवता येत नव्हते. पाचवी डहाळी उचलली, सहावी उचलली, आणि तिचा हात थांबला.

सहाव्या डहाळीखाली अंडे होते.

मळकट पांढरे, तपकिरी ठिपक्यांचे, एका मुठीत न मावणारे. तिने दातांनी हातमोजा ओढून काढला आणि पंजा अंड्यावर ठेवला. ते थंड होते. ठेवलेला हात तिने बराच वेळ काढला नाही, जणू तेवढ्याने काही होणार होते. अंड्याखाली आणखी डहाळ्या होत्या, सुकून तांबूस झालेल्या, आणि त्यांची टोके पिंजलेली होती. काठाला करड्या पिसांचा एक पुंजका अडकला होता, कोवळा आणि स्वच्छ. जुन्या गरुडिणीचा तो नव्हता. नवी कोणीतरी आली होती. धुक्याच्या दिवसांत येऊन तिने घर लावले होते, अंडे घातले होते, आणि ती इथे बसलेली होती. मग एका पहाटे खालून एक माणूस चढत आला.

त्यानंतर ती परत आली असेल, तर तिला अंडे दिसले नसेल, फक्त माणसाचा वास लागलेला पाला दिसला असेल. त्या पाल्याने झाकले म्हणून कावळ्यांनाही ते दिसले नाही. नऊ दिवस ते इथे जसेच्या तसे राहिले होते. आबा वर आले नसते, घरी पांघरूण घेऊन झोपले असते, तर आज या घरट्यात पक्षी बसलेला असता आणि ही फाइल, हा डबा, हे काहीच लागले नसते. तिला फांदीवरच बसून मोठ्याने रडावेसे वाटले. तसे करता येत नव्हते, कारण दोर हलला असता आणि खाली कळले असते.

उरलेल्या डहाळ्या तिने पिशवीत भरल्या, अंड्याशेजारी मोजपट्टी ठेवली, फोटो काढले. मग बटण दाबले.

"साहेब, अंडं आहे. एक."

खाली शीळ थांबली. आबा दगडावरून उठलेले तिला वरून दिसले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"नक्की?"

"फोटो काढलेत. पण थंड आहे."

आबा टोपी धरून तसेच उभे होते. एवढ्या उंचीवरून चेहरा दिसत नाही, आणि त्याचे तिला बरे वाटले.

"थंड म्हणजे पिल्लू होणार नाही?"

"नाही होणार."

"पण अंडं आहे," अधिकारी म्हणाला. कागद उलटल्याचा आवाज आला. "नियमात फक्त अंडं असं आहे, मॅडम. गरम की थंड असं काही नाही. वर्तुळ राहतं."

ठेकेदाराच्या माणसाने डब्याचे झाकण टाचेने दाबून बसवले.

ती उतरली आणि तिने कमरेचा दोर सोडला. अधिकाऱ्याने फोटो पाहिले, मोठे करून पाहिले, आणि चांगल्या मनाने तिचे अभिनंदन केले. "वाचला तुमचा उतार. आणि ते हिरवं? आबांनी लिहिलेलं?"

"डहाळ्या आहेत घरट्यात," ती म्हणाली. पिंजलेल्या टोकांच्या होत्याच की.

"बघा, म्हणजे आबांची नजर अजून चांगली आहे."

आबांनी टोपी डोक्यावर घातली. ठेकेदाराचा माणूस बुंध्याशी उभा राहून सोललेल्या सालीवरून अंगठा फिरवत होता. "अस्वलं फार झाली वाटतं इकडे," तो हसत म्हणाला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा आबांच्या गुडघ्यांकडे, आणि डबा उचलून जीपकडे चालू लागला.

जीप गेली. चौकी दोन तासांच्या वाटेवर होती. आबा पुढे, ती मागे, अशी ती दोघे उतरू लागली. नेहमी आबा वाटेत बोलायचे. हे पाऊल कोणाचे, ही विष्ठा कोणाची, या झाडाला कधी वीज लागली. आज ते काठी टेकत होते आणि गुडघ्यावर हात ठेवत होते. तळवा सोलवटलेला होता आणि तो त्यांनी आठवडाभर घरात खिशात ठेवला होता, हे तिला आत्ता उमगत होते.

"किती दिवस झाले असतील थंड होऊन?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले.

"आठवडा. थोडे जास्तही असतील."

"हं."

ओढ्यावर दोन ओंडके टाकून केलेला पूल होता. आबा पुलाशी येऊन थांबले. पलीकडे जायला पाऊल उचलले नाही, मागेही वळले नाहीत.

"डहाळ्यांच्या वर होतं," त्यांनी पाण्याकडे पाहत विचारले, "की खाली?"

अंडे वर असेल तर ते त्यांच्यामागून आले, त्यांच्या खोट्या डहाळ्या पाहूनही पक्षी तिथे बसला आणि पुढे जे झाले ते दुसऱ्या कशाने झाले. खाली असेल तर त्यांनी ते झाकले. एका प्रश्नात त्यांनी कबुलीही दिली होती आणि निवाडाही मागितला होता. निरीक्षण विचारावे आणि तिने चुकीचे सांगावे, असे आजवर एकदाही झाले नव्हते.

"वर," ती म्हणाली.

"वर," आबा म्हणाले आणि त्यांनी मान हलवली.

ते पूल ओलांडून गेले. पलीकडच्या चढावर दम खायला थांबले तेव्हा आपणहून बोलू लागले. "अंधार होता मी चढलो तेव्हा. मुद्दामच तसा गेलो, कोणी बघू नये म्हणून. अर्ध्यावर असताना वरून काहीतरी मोठं उडालं. वारा लागला तोंडाला. मला वाटलं घुबड."

"असतात तिथे घुबडं."

"असतात." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वर पोचलो तर काही दिसेना. हातानं चाचपत काठावरूनच ठेवल्या. आत हात घातला नाही. म्हटलं, रिकाम्या घरात कशाला चाचपडायचं."

"आबा, तुमचे डोळे—"

"डोळ्यांचं तुला ठाऊक होतं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते तिच्या वर्मी लागले. तिला ठाऊक होते. गेल्या पानगळीपासून ठाऊक होते. कपाच्या शेजारी चहा ओतताना तिने त्यांना पाहिले होते, दारातल्या माणसाला आवाजावरून ओळखताना पाहिले होते. मोतीबिंदूचे नाव काढले की ते उठून जायचे, कारण डोळे गेलेला राखणदार यादीतून निघतो. म्हणून तिने कानाडोळा केला आणि त्यांना अकरा नंबर दिला. अकरा नंबर मेलेलाच आहे, तिथे काही दिसायचेच नाही, म्हातारा निदान मोकळ्या हवेत बसेल, असा तिचा हिशेब होता. चांगल्या डोळ्यांचा माणूस तिने जिवंत घरट्यांवर लावला होता. त्या धारेवर ती स्वतः दोन दिवस बसली असती तरी तिला पक्षी दिसला असता.

चौकीची खोली सकाळपासून बंद होती. तिने खिडकी उघडली, चुलीवर पाणी ठेवले, आणि भिंतीवरच्या नकाशाखालच्या टेबलाशी बसून पाहणीचा कागद काढला. एका टेबलाला दोन खुर्च्या, एक कपाट, खुंट्यांवर दोर आणि पट्टे. आबा समोरच्या खुर्चीत बसले. कागदावर दोन सह्या लागत, चढणाऱ्याची आणि राखणदाराची.

घरटे क्रमांक, अकरा. अंडी, एक. स्थिती, थंड. ती भराभर लिहीत गेली. पुढचा रकाना अपयशाच्या कारणाचा होता, आणि त्यात छापलेली चौकटींची रांग. वादळ. हिंस्र प्राणी. विषबाधा. माणसाचा वावर. अज्ञात. तिने अज्ञातच्या चौकटीत खूण केली, कागद फिरवून आबांकडे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवले.

आबांनी पेन घेतले, पण सही केली नाही. त्यांनी टेबलाचा खण ओढला, नकाशे पाहायचे भिंग काढले, आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एकेक शब्द भिंगाखाली आणून ते वाचत होते. पाणी उकळू लागले. ती उठली नाही.

भिंग चौकटींच्या रांगेवर येऊन थांबले. त्यांनी अज्ञातवरची खूण आडवी रेघ मारून खोडली आणि माणसाचा वावर या चौकटीत नवी खूण केली. सत्तावीस वर्षांत ही चौकट त्यांनी फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींसाठी भरली होती, मध काढणाऱ्यांसाठी भरली होती, एकदा एका बड्या माणसाच्या सहलीसाठीही भरली होती आणि त्यापायी बदलीची धमकी ऐकून घेतली होती. त्या चौकटीखाली एक ओळ असते, व्यक्ती माहीत असल्यास नाव. आबांनी तिथे आपले नाव लिहिले. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, शाळेत शिकवल्यासारख्या सुट्या अक्षरांत.

"आबा," ती म्हणाली, "मी वर म्हटलं होतं."

"हो. ऐकलं मी." त्यांनी शाईवर फुंकर घातली. "वर असतं तर बसायच्या आधी तिनं माझ्या डहाळ्या उपसून फेकल्या असत्या. दुसऱ्यानं लावलेलं घर ती ठेवत नाही. हे तुला मी सांगितलं नाही का कधी?"

"सांगितलंत."

"मग."

तिने कागदावर हात ठेवला. "हा असा गेला तर वह्या उघडतील सगळ्या. बाकीची सतरा वर्तुळं आहेत, आबा."

"म्हणूनच. तो रंगाचा डबावाला साल बघून गेला, तू पाहिलंस. आज हसला, उद्या बोलेल. त्यानं सांगितलं तर अठराच्या अठरा खोटी ठरतील. आपण आधी सांगितलं तर एक माणूस खोटा ठरतो." ते थांबले. "उताराला धक्का नाही. अंडं खरं आहे. मी मारलं असलं तरी खरं आहे."

मी मारलं हे शब्द त्यांनी सरळ उच्चारले, पण त्यानंतर त्यांना पेन नीट धरता येईना. डावा हात उजव्या हाताने धरून त्यांनी सही केली. भिंग खणात ठेवले आणि खण लोटला.

"त्या डहाळ्या आहेत ना तुझ्याकडे?"

"पिशवीत आहेत."

"त्याही जोड सोबत." त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. "खाली तुझी सही राहिली."

आबा उठले आणि चुलीवरचे पाणी उतरवायला गेले. तिने पेन उचलले. सहीच्या वर शेरा म्हणून तीन कोऱ्या ओळी असतात, बहुतेक वेळा तशाच राहतात. तिने लिहिले, राखणदाराची नजर अधू झाल्याचे निरीक्षक या नात्याने मला पानगळीपासून माहीत होते. तरीही या धारेवर त्यांची नेमणूक मी केली. पक्षी आला तेव्हा तेथे पाहणारे कोणी नव्हते.

"एवढा वेळ काय लिहिते आहेस?" आबांनी चुलीपाशी उभे राहून विचारले. त्यांनी तिच्याकडे पाहिले, पण तिथून त्यांना टेबल दिसत असेल, कागद नाही.

"सही करते आहे."

"एवढी लांब?"

"तारीख घालते आहे खाली," ती म्हणाली, आणि तिने तारीख घातली.